पवनार, चिमूर, अर्जुनी-मोरगाव : बोलण्याच्या हक्काची वैदर्भी पार्श्वभूमी

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ झाला. शाळेच्या पुस्तकात हा सत्याग्रह दोन ओळींत आटोपतो आणि त्याची मूळ मागणी काय होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानला न विचारता महायुद्धात ओढले होते. त्या युद्धाला माणूस किंवा पैसा देऊ नका, असे चारचौघांत सांगण्याची मोकळीक असावी, एवढाच सत्याग्रहींचा आग्रह होता. गांधीजींनी सत्याग्रही एकेकटे निवडले, गर्दी जमवण्याचे टाळले आणि भाषणाची आगाऊ सूचना जिल्हाधिकाऱ्याला देण्याची पद्धत ठेवली. शांततेचा भंग झाला असे म्हणायला सरकारला जागाच उरू नये, हा त्यामागचा हिशेब होता. तरीही विनोबांना २१ ऑक्टोबरला देवळी येथे अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. या सत्याग्रहाचा वृत्तान्त सरकारी सल्लागाराला दाखवल्याशिवाय छापू नये, अशी सूचना आली तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’चे प्रकाशनच थांबवले. ते जानेवारी १९४२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

सरकारच्या हाती तेव्हा युद्धकाळासाठी केलेले भारत संरक्षण नियम होते, पण त्यामागची कायद्याची परंपरा जुनी होती. भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचे कलम १२४-अ हे १८७० मध्ये घातले गेले. सरकारविषयी ‘अप्रीती’ निर्माण करणे हा त्यातला गुन्हा. प्रजेने राज्यकर्त्यांवर प्रेम करावे अशी कायद्याचीच अपेक्षा असणारा हा अजब प्रकार होता. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. १९०८ मध्येच नागपुरात ‘हिंदी केसरी’चे माधवराव सप्रे पकडले गेले, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेला गेले.

पवनारचे प्रकरण तसे सोपे होते, कारण भाषणानंतर तिथे काही घडलेच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरचे तसे नाही, आणि म्हणूनच या इतिहासात चिमूर अधिक महत्त्वाचे आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये मिरवणूक निघाली, गोळीबार झाला आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही उठाव झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी या भागातील तरुणांना चेतवले, असा सरकारचा समज होता. २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. भजनाचे शब्द आणि जमावाची काठी यांच्यात नेमके किती अंतर होते, हे त्या वेळी कोणी मोजले नाही. ते मोजण्याची कसोटी पुढे न्यायालयांना घडवावी लागली.

चिमूरमध्ये त्यानंतर फौज आली, आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीची मागणी करत आधी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेल्या बापूजी अणे यांचे दार गाठले. अणे मूळचे वणीचे, तेव्हा आपल्या मुलखाची दाद ते घेतील ही अपेक्षा स्वाभाविक होती. चौकशी झाली नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये सुरू झालेला भन्साळींचा उपवास ६३ दिवस चालला, आणि त्याची बातमी छापण्यावरच सरकारने बंदी घातली. एका खेड्यातील घटनेच्या चौकशीसाठी उपवास चालला आहे, एवढे सांगणेही अशा रीतीने बेकायदा ठरले. निषेध म्हणून देशातील अनेक वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी अंक काढला नाही. काही दिवसांतच बंदी उठली आणि १२ जानेवारीला उपवास सुटला. वृत्तपत्रांनी एकजुटीने बंदी मागे घ्यायला लावल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत; त्यातले हे एक चिमूरच्या नावावर जमा आहे.

शब्द आणि परिणाम यांतील अंतराची एक कसोटी नागपूरच्याच उच्च न्यायालयात तयार झाली. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारविरुद्ध भगवतीचरण शुक्ल या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे सांगितले की, लिखाणाचा परिणाम धीराच्या आणि समंजस माणसावर काय होईल यावरून तोलावा. प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोक्याचा वास येतो अशा दुबळ्या मनाच्या माणसाचे माप त्याला लावू नये. १९४७ च्या निर्णयसंग्रहात छापलेला हा विचार सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९८८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये उचलून धरला. राजवट बदलली, राज्यघटना आली, मध्य प्रांत व वऱ्हाड हे नावही नकाशावरून गेले, तरी हे माप टिकले.

घटनेच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरील बंधनांमध्ये राजद्रोह होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेने तो शब्द वगळला. दंड संहितेतले कलम मात्र तसेच राहिले. १९५० मध्ये मद्रास सरकारने आणि दिल्लीच्या प्रशासनाने दोन नियतकालिकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा पुढच्याच वर्षी, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने, भाषणस्वातंत्र्यावरील बंधनांच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘गुन्ह्यास चिथावणी’ आणि परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध ही कारणे घातली गेली. त्याच दुरुस्तीत बंधनांना ‘वाजवी’ हे विशेषण लागले, आणि न्यायालयांना पुढे जे काही करता आले ते बरेचसे या एका विशेषणाच्या बळावर.

कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा निकाल १९६० चा आहे. कालव्याच्या पाण्याची वाढीव पट्टी भरू नका, असे आवाहन राममनोहर लोहिया यांनी उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांना केले होते आणि त्यासाठी त्यांना अटक झाली होती. शब्द आणि अव्यवस्था यांचा संबंध निकटचा असला पाहिजे, ओढूनताणून जोडलेला चालणार नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने, ज्या तरतुदीखाली ही अटक झाली होती, ती घटनाबाह्य ठरवली. ‘कर्ज भरू नका, वीजबिल भरू नका’ अशी भाषणे यवतमाळ-अमरावतीच्या सभांमधून होत आली आहेत. ती करणाऱ्यांच्या पाठीशी हा निकाल उभा आहे, पण तो फारसा कोणाला ठाऊक नाही. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात राजद्रोहाचे कलमही हिंसेच्या चिथावणीपुरते मर्यादित करण्यात आले.

आणीबाणीत ही सारी मापे बाजूला पडली. विनोबांचे म्हणून ‘अनुशासन पर्व’ हे शब्द तेव्हा आणीबाणीच्या समर्थनार्थ भिंतींवर रंगवले गेले; पण जून १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपवास करण्याचा विनोबांचा निर्धार पवनारच्या ‘मैत्री’ मासिकात छापून आला, तेव्हा पोलिसांनी आश्रमात येऊन त्याचे अंक जप्त केले. १९४० मध्ये परक्या सरकारने ज्यांचे तोंड बंद केले, त्यांच्याच आश्रमात स्वकीय सरकारचे पोलीस ३६ वर्षांनी आले.

राजद्रोहाच्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द नाही, पण देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे, आणि त्याचा आवाका किती हे अजून ठरायचे आहे. दरम्यान वादाची जागा मोबाइलवर गेली. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव येथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधील एका सदस्याने महिला सदस्याविषयी अश्लाघ्य मजकूर टाकला आणि त्याला न काढल्याबद्दल ग्रुपच्या अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला: समान हेतू दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. मजकूर टाकणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

तरीही गावपातळीवर बोलण्याची खरी सीमा या निकालांपेक्षा परवानगीच्या कागदावर ठरते. मोर्चा किंवा सभा जाहीर झाली की आयोजकाच्या हाती ठाण्यातून ‘१४९ ची नोटीस’, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली ताकीद, पडते. फौजदारी प्रक्रिया संहितेतले ते कलम नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झाले असले तरी लोकांच्या तोंडी जुनाच आकडा आहे. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा जमावबंदीचा आदेश निघतो, तो बहुधा १५ दिवसांचा असतो आणि संपत आला की नवा निघतो. जमावबंदीचा आदेश कारणांसह प्रसिद्ध केला पाहिजे आणि रास्त मत दडपण्यासाठी तो वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले आहे. पण आदेशाला आव्हान द्यायचे तर नागपूर गाठावे लागते, सिरोंच्याच्या माणसाचा नुसत्या जाण्यातच दिवस मोडतो, आणि अर्ज सुनावणीला येईपर्यंत मोर्चाची तारीख उलटून गेलेली असते.