एआय कोडिंग असिस्टंटचा फाइल-प्रवेश

प्रोजेक्टमधल्या कोणत्या फाइली एआय कोडिंग असिस्टंटने (कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय साधनाने) वाचायच्या, बदलायच्या किंवा इंडेक्समध्ये (शोधासाठीच्या सूचीत) घ्यायच्या आणि कोणत्या नाही, हे ठरवून देण्याची व्यवस्था. पासवर्ड, एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली), ग्राहकांची माहिती असा ऐवज बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ नये हा तिचा मुख्य हेतू. आपोआप तयार होणाऱ्या फाइलींच्या पसाऱ्याने मॉडेलचा कॉन्टेक्स्ट (एका वेळी विचारात घेता येणारा मजकूर) भरू नये, हा दुसरा.

बहुतेक साधनांनी गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचीच रीत उचलली आहे. 2005 मध्ये आलेल्या गिटमध्ये वगळायच्या फाइलींचे नमुने (नावांचे साचे) .गिटइग्नोर या साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीने लिहितात. त्याच धर्तीवर एआय असिस्टंटपैकी कर्सरची .कर्सरइग्नोर, एडरची .एडरइग्नोर आणि जेमिनी सीएलआयची .जेमिनीइग्नोर. सर्वांना चालेल अशी एकच फाइल नसल्याने दोन साधने वापरणाऱ्या टीमला तीच यादी दोनदा सांभाळावी लागते. क्लॉड कोड या असिस्टंटमध्ये ही मनाई सेटिंग्जच्या जेसन फाइलीत, परवानग्यांच्या 'डिनाय' (नकार) यादीत लिहितात. गिटहब कोपायलटमध्ये ती रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या कोडसाठ्याच्या) किंवा संस्थेच्या सेटिंग्जमधून लागते आणि सोय बिझनेस व एंटरप्राइझ योजनांपुरतीच आहे.

नमुने लिहिताना हमखास फसगत होते ती उद्गारचिन्हाने, म्हणजे वगळलेली फाइल परत घेण्याच्या खुणेने. गिटच्या नियमाप्रमाणे 'सीक्रेट्स/' असे लिहून अख्खे फोल्डर वगळले, तर पुढे 'सीक्रेट्स/नमुना' या फाइलीआधी उद्गारचिन्ह टाकूनही ती परत मिळत नाही, कारण गिट त्या फोल्डरात शिरतच नाही. तिथे 'सीक्रेट्स/*' असेच लिहावे लागते. शिवाय .गिटइग्नोरमुळे फाइल कमिटमध्ये (गिटने जतन केलेल्या नोंदीत) जात नाही इतकेच. डिस्कवर ती असतेच.

खरी अडचण एजंटपासून, म्हणजे स्वतःहून कामे करणाऱ्या असिस्टंटपासून, सुरू होते. नुसते कोड सुचवणाऱ्या साधनाला संपादकाने (कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमने) दिले तेवढेच दिसते. एजंट मात्र टर्मिनलवर कमांड चालवतो, आणि 'कॅट .एन्व्ह' ही (.एन्व्ह या गुप्त मूल्यांच्या फाइलीतला मजकूर दाखवणारी) कमांड इग्नोर फाइल विचारात घेत नाही. टर्मिनलमधून होणारे वाचन आपण अडवू शकत नाही, असे कर्सरच्या दस्तऐवजातच नमूद आहे. वगळलेल्या फाइलीतली माहिती आडवाटेनेही पोहोचते: फंक्शनवर माउसचा बाण नेल्यावर संपादक जी व्याख्या दाखवतो, ती वगळलेल्या फाइलीतली असली तरी कोपायलटला मिळू शकते. म्हणून इग्नोर फाइलीला कुलूप समजू नये. ती फार तर सूचना-पाटी आहे.

पक्का अडसर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरच लागतो. असिस्टंट कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून वेगळ्या कप्प्यात) चालवून त्यात फक्त लागणारे फोल्डर जोडणे, त्याला वेगळे युजर खाते देणे, किंवा सँडबॉक्स (मर्यादित प्रवेशाचे बंदिस्त वातावरण) वापरणे हे त्याचे मार्ग. क्लॉड कोडचा सँडबॉक्स लिनक्सवर बबलरॅप आणि मॅकवर सीटबेल्ट या सँडबॉक्स-साधनांच्या आधारे चालतो. एपीआय की मुळातच प्रोजेक्टच्या फोल्डरात न ठेवता व्हॉल्टमधून (गुप्त माहितीच्या सुरक्षित साठ्यातून) चालू प्रोग्रॅमला पुरवणे त्याहून बरे. एखादी की असिस्टंटने आधीच वाचली असेल, तर नंतर नियम लिहून उपयोग नसतो. ती रद्द करून नवी काढावी लागते.