साच्याची ऑर्डर देण्याआधी नळीचे माप घ्या

बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओतायच्या साच्यांसाठी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ऑर्डरी एका ओळीच्या असतात, त्यात फक्त काडतुसाचे नाव असते. ".३०३ साठी दोन पोकळ्यांचा साचा हवा", "थर्टी-एटचा करून द्या". एवढ्यावर आम्ही काम सुरू करत नाही. माप मागवतो, ते येईपर्यंत ऑर्डर बाजूला राहते आणि मग उशीर का झाला अशी विचारणा होते. म्हणून हे पत्रक.

काडतुसाच्या नावातला आकडा म्हणजे गोळीचे माप नव्हे. .३८ स्पेशलची गोळी ०.३५८ इंचाच्या आसपास असते. .४४ मॅग्नमची ०.४२९ ते ०.४३०, तर .३८-४० या नावाच्या काडतुसाची चक्क ०.४०० च्या घरात. आठ मिलिमीटर माउझर म्हटले तर ०.३१८ आणि ०.३२३ अशी दोन मापे निघतात. .४५ कोल्टच्या जुन्या नळ्या ०.४५४ च्या, नंतरच्या ०.४५१-०.४५२ च्या. सर्वांत अवघड .३०३. कागदावर ०.३११-०.३१२ इंच लिहिलेले असले तरी महायुद्धांच्या काळात बनलेल्या नळ्या त्याहून कितीतरी सैल सापडतात. एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी माप जुळेलच असे नाही.

तांब्याचे आवरण असलेली तयार गोळी हा फरक बऱ्यापैकी खपवून घेते, शिशाची ओतीव गोळी घेत नाही. ती नळीत आतून कोरलेल्या पीळदार खाचांच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश, मोठी असावी लागते. लहान पडली की तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, गोळीची बाजू वितळवत जातो आणि ते शिसे नळीत चिकटते. गिऱ्हाईक समजते की शिसे मऊ आहे. मग शिसे कडक करणारा अँटिमनी हा धातू वाढवतो. गोळी कडक होते, दाबाखाली फुगून खाचा भरायची थांबते आणि नळी आणखी घाण होते. शेवटी साचा आमच्याकडे परत येतो, 'खराब आहे' या शेऱ्यासह. मोजून पाहावे तर साचा सांगितलेल्या मापाला बरोबर असतो. चूक असते ती सांगितलेल्या मापात.

माप घेण्याची रीत सोपी आहे, तिला नळीचा ठसा घेणे म्हणतात. बंदूक रिकामी आहे हे आधी दोनदा बघा आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवा. नळी स्वच्छ करून आत तेलाचा पातळ हात द्या. खाचांच्या व्यासाहून किंचित मोठा असा शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा घ्या आणि लाकडी हातोडीने तोंडातून आत बसवा. पुढे ढकलायला पितळी सळईचे आखूड तुकडे एकामागोमाग वापरा. लांब लाकडी दांडा वापरू नका. तो तिरका चिरतो, पाचरीसारखा अडकतो आणि मग नळीच कारागिराकडे न्यावी लागते. तुकडा सरकताना कुठे घट्ट, कुठे सैल लागतो ते हाताला कळते. तेही लिहून पाठवा, आम्हाला त्याचा उपयोग होतो.

बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांचे ठसे उंच उमटलेले दिसतील. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर मायक्रोमीटर लावा. व्हर्नियरवर एका थाऊचा भरवसा ठेवता येत नाही. खाचा तीन किंवा पाच असतील तर समोरासमोर उंचवटे येतच नाहीत आणि साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. अशा वेळी ठसाच आमच्याकडे पाठवा. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडरच्या प्रत्येक घराच्या पुढच्या तोंडाचाही ठसा हवा. ते तोंड नळीपेक्षा अरुंद असले तर गोळी नळीत शिरण्याआधीच दाबून लहान होते. मग साचा कितीही नेमका असला तरी उपयोग नाही.

आमच्या फॉर्ममधला मिश्रधातूचा रकानाही रिकामा सोडू नका. एकाच पोकळीतून शुद्ध शिशाची गोळी लहान निघते, लायनोटाइपची (छपाईचे खिळे ओतायच्या मिश्रधातूची) मोठी, कारण थंड होताना दोन्ही सारख्या आकसत नाहीत. वजनातही फरक पडतो. लायनोटाइपमध्ये ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. गोळ्यांसाठीच्या लायमन नंबर दोन या मिश्रधातूत हेच प्रमाण ९०, ५ आणि ५. तुम्ही जे ओतणार, तेच ओतून आम्ही पोकळी तपासतो. साचा तयार होऊन आल्यावर धातू बदललात तर माप बदलणारच.

ठासणीच्या बंदुकीचे गणित उलटे आहे. कापडी पट्टीत गुंडाळून बसवायची गोल गोळी नळीपेक्षा लहान लागते. .५० च्या नळीला ०.४९० किंवा ०.४९५. मिनीए पद्धतीची पोकळ बुडाची गोळी तर शुद्ध शिशाचीच हवी, नाहीतर तिचे बूड फुगत नाही.

साचा हातात आल्यावर त्यावरचे तेल पूर्ण धुऊन काढा आणि साच्याचे ठोकळे नीट तापू द्या. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या तर साचा थंड आहे किंवा तेल राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पोकळीत पॉलिश पेपर फिरवू नका. असा फिरवलेला साचा आम्हाला दुरुस्त करता येत नाही. गोळ्या करड्या, भुरभुरीत कांतीच्या झाल्या तर साचा जास्त तापला आहे. थोडे थांबून ओता. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. त्याची क्षणात वाफ होऊन शिसे अंगावर उडते. मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून काम करा, मुलांना लांब ठेवा, नंतर हात धुवा. तुमच्याकडच्या कायद्यात गोळ्या ओतायला परवाना लागतो का, ते ऑर्डर देण्याआधी पाहून घ्या. दारू भरण्याबाबत आम्ही सल्ला देत नाही.

आमचे साचे तयार मालापेक्षा उशिरा मिळतात, हे खरे आहे. पण प्रत्येक पोकळी त्या एका नळीसाठी कोरलेली असते. तुमचा ठसा नावाची चिठ्ठी लावून आमच्याकडे राहतो, त्यामुळे पुढे त्याच बंदुकीसाठी वेगळ्या वजनाची गोळी हवी झाली तर पुन्हा माप घ्यावे लागत नाही.

ठसा पाठवताना कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवा. सुट्या पाकिटातून आलेला ठसा वाटेत चेपतो. सोबत बंदुकीचे मॉडेल, खाचांची संख्या, मिश्रधातू आणि हवे असलेले वजन लिहा.