उत्क्रांतिवाद आणि मानवी समाज

माणसाचे वर्तन, नातेसंबंध, समाजरचना आणि संस्कृती यांचा उलगडा नैसर्गिक निवड, आनुवंशिकता व अनुकूलन या तत्त्वांच्या आधारे करू पाहणारी अभ्यासपद्धती. चार्ल्स डार्विन याने १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीसंबंधीच्या विवेचनातून तिचा पाया घातला. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन याने १९६४ मध्ये आप्तनिवडीचा, म्हणजे रक्ताच्या नातलगांना मदत केल्याने आपलीच सामाईक जनुके पुढे जातात असा, सिद्धांत मांडला, ई. ओ. विल्सन याने १९७५ मध्ये समाजजीवशास्त्राची (सामाजिक वर्तनाच्या जैविक अभ्यासाची) रूपरेषा दिली आणि पुढे त्यातून उत्क्रांतीय मानसशास्त्र, मानवी वर्तनाचे परिस्थितिविज्ञान व सांस्कृतिक उत्क्रांती अशा शाखा निघाल्या. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात या पद्धतीचा जो उपयोग झाला किंवा होऊ शकतो, त्याचा येथे विचार केला आहे.

मराठीत हा विचार प्रथम आला तो डार्विनपेक्षा इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर याच्या वाटेने. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) हे त्याचे ठळक उदाहरण. समाज ही बदलत जाणारी वस्तू आहे, रूढींना इतिहास असतो, त्यामुळे त्या पवित्र म्हणून अचल मानण्याचे कारण नाही, ही त्यांची भूमिका स्पेन्सरच्या विकासवादाशी जुळते. मात्र त्यांना सरसकट स्पेन्सरवादी म्हणणे योग्य वाटत नाही. समाजाच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये असे स्पेन्सरचे मत होते. आगरकरांनी तर मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या १८९१ च्या कायद्याला पाठिंबा दिला. ‘बळी तो कान पिळी’ या न्यायाला शास्त्राचा मुलामा देणारा सामाजिक डार्विनवाद त्यांच्या लेखनातून निघत नाही. विकासाची कल्पना त्यांनी स्पेन्सरकडून घेतली, व्यक्तिस्वातंत्र्याची जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाकडून, आणि दोहोंत दुसरीला वरचे स्थान दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

प्रत्यक्ष क्षेत्रीय अभ्यास मात्र फार नंतरचा. परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९७० नंतरच्या काळात पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या व पशुपालक समाजांचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये जातिव्यवस्थेचा परिस्थितिकीय अन्वयार्थ मांडला. एकाच परिसरात राहणाऱ्या दोन प्राणिजाती जशा वेगवेगळ्या भक्ष्यावर जगून स्पर्धा टाळतात, तशा अंतर्विवाही (आपल्यातच लग्ने करणाऱ्या) जातीही निसर्गातील वेगवेगळ्या साधनांवर जगत आल्या, हा त्याचा गाभा. फलटण, माण, खटाव, आटपाडी हा भाग ज्या निमकोरड्या पट्ट्यात मोडतो, त्यातील शिकारीची वाटणी याचा उत्तम पुरावा होय. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारीत. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसभक्षक सापळ्यात धरीत, शिवाय कासव-खेकडे मिळवीत. फासेपारधी फासे मांडून काळवीट, मोर, तित्तिर, लावे पकडीत. रान एकच, पण एकाची शिकार दुसऱ्याच्या आड येत नसे. एका समाजाच्या आत कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांच्या रानात फिरायचे, हेही ठरलेले असे. ते मोडणाऱ्याला जातपंचायत दंड करी.

सह्याद्रीच्या कड्यावर याचाच दुसरा नमुना दिसतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिमी पाऊस पडतो, तर पूर्वेकडे आटपाडी-जतकडे तो ५०० मिमीच्या आसपास येतो. या पश्चिम टोकाला जावळी-पाटणच्या खोऱ्यांतले कुणबी खालच्या अंगाला भात-नाचणी करीत आणि शिकारही करीत. माथ्यावरचे गवळी धनगर म्हशी पाळीत आणि शिकारीच्या फारसे वाटेला जात नसत. गवळी धनगर लोणी खाली नेऊन त्याच्या बदल्यात धान्य आणीत आणि ताक घरी ठेवीत. प्रथिनांची त्यांची गरज बरीचशी त्यातूनच भागे. दूध पचवण्याची प्रौढपणीची क्षमता हे जनुके व संस्कृती यांच्या सहउत्क्रांतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. परंतु जेथे दूध विरजून, घुसळून ताकाच्या रूपाने पोटात जाते तेथे ही क्षमता असणाऱ्यांना मिळणारा फायदा, म्हणजे नैसर्गिक निवडीचा दाब, कमीच राहणार, हे लक्षात घ्यावे लागते.

गाडगीळ-मल्होत्रा यांच्या मांडणीवर आक्षेप आहेत. अशी वाटणी अनुकूलन म्हणून घडली, की जमीन व सत्ता हाती नसलेल्यांना उरलेसुरले घ्यावे लागले? परिस्थितिकीय तर्क शिकारीच्या वाटणीला लागू पडतो. पाटिलकी-वतनाची मालकी त्याने उलगडत नाही.

जातींची अंतर्विवाही कुंपणे किती जुनी, हा प्रश्न याला लागूनच येतो. एका मूळ समाजाची शकले होत जाती बनल्या, असे एक मत. इरावती कर्वे यांनी याउलट असे मांडले की, मुळात वेगळे असलेले गट एकमेकांशेजारी येऊन जातींचे पुंजके बनले; १९६८ मध्ये कर्वे व मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैविक तुलना करून त्यांतील भेद दाखवले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांपैकी प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांच्या (२०१३) मते भारतातील लोकसमूहांची मोठी सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली आणि मग अंतर्विवाह रूढ झाला. अनलाभ बसू व सहकाऱ्यांनी (२०१६) हा बदल सुमारे ७० पिढ्यांमागे, म्हणजे १,५७५ वर्षांपूर्वी धरला. दिसतो तेवढा हा मतभेद मोठा नाही. बसू यांनी पिढी साडेबावीस वर्षांची मानली, मूरजानी यांनी २९ वर्षांची. २९ चा हिशेब धरल्यास तेच ७० पिढ्यांचे अंतर दोन हजार वर्षांवर जाते. तेव्हा इ. स. च्या पहिल्या काही शतकांपलीकडे नेमकेपणाचा आग्रह धरू नये. हे निष्कर्ष अखिल भारतीय नमुन्यांवरून काढलेले आहेत, हेही विसरू नये.

आप्तनिवडीची खरी कसोटी लागते ती विवाहनियमांत. हॅमिल्टनच्या हिशेबाने सख्ख्या भावंडांचा आप्तगुणांक (नात्यामुळे सामाईक असणाऱ्या जनुकांचे प्रमाण) १/२, मामा-भाचीचा १/४ आणि मामे, आते, चुलत, मावस या चारही भावंडांचा सारखाच १/८. प्रत्यक्षात सातारा-सांगलीकडील मराठा कुळांत मामाची मुलगी करणे चालते, किंबहुना तिच्यावर हक्कच सांगतात. आत्याची मुलगी करणे अनेक घरांत टाळतात. चुलत बहीण भावकीतली आणि मावसबहीण बहीणच, म्हणून त्या वर्ज्य. आत्येच्या मुलीला सून करणे म्हणजे ‘परतवेल’: या घरातून त्या घरात गेलेला वेल उलटा फिरतो. मामाची मुलगी आणताना मात्र वेलाची दिशा बदलत नाही. जत-मिरजेकडे कर्नाटकाच्या सीमेवर काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही होतो, म्हणजे गुणांक दुप्पट असूनही संबंध मान्य. जीवशास्त्रीय अंतर आणि सामाजिक मर्यादा यांची येथे फारकत दिसते. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसते, लग्नात मामा वधूच्या मागे उभा राहतो; बहिणीच्या अपत्याशी असलेले रक्ताचे नाते निःसंशय असते म्हणून मामाला हे महत्त्व, असा खुलासा उत्क्रांतीय लेखक करतात. तो चुकीचा नाही, पण मावशीलाही तोच न्याय लागतो आणि विधींत तिला तेवढा मान नाही. घराण्याघराण्यांतील देवघेव हेच कारण अधिक पटते.

आनुवंशिकतेच्या विचाराचा सर्वांत घातक वापर फासेपारध्यांच्या वाट्याला आला. गुन्हेगारी जन्माने येते असे गृहीत धरणारा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा शिकारीचा व्यवसाय बेकायदा ठरला. संशय मात्र आजही त्यांच्या पालांपर्यंत येतो, ही शरमेची गोष्ट आहे. त्यांचा स्वभाव आनुवंशिकतेने गुन्हेगारी असतो या कल्पनेला १८७१ च्या कायद्यापूर्वी वा नंतर कोणताही शास्त्रीय आधार नव्हता.

सहकार्याच्या उत्क्रांतीवर या भागातील अभ्यास तुरळक आहे. पाणी-कुरणांसारख्या सामाईक साधनांच्या व्यवस्थापनाची अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची तत्त्वे (१९९०) त्यांनी स्वतः डेव्हिड स्लोअन विल्सन व मायकेल कॉक्स यांच्यासह २०१३ मध्ये गटनिवडीच्या (नैसर्गिक निवड गटागटांतही होते या) सिद्धांताशी जोडली. सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवर बलवडी येथे लोकांनी उभारलेले बळीराजा स्मृती धरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. तेथे जमीन किती यावर नव्हे, तर कुटुंबागणिक समान पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले.