त्वचेचे प्रकाशजन्य वार्धक्य

उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत वर्षानुवर्षे साचत जाणाऱ्या बदलांना प्रकाशजन्य वार्धक्य म्हणतात. वयोमानाने येणारे वार्धक्य वेगळे. पण चेहऱ्यावर दोन्ही एकत्र दिसतात आणि दोष सगळा वयाला दिला जातो. साठीतल्या माणसाच्या दंडाची आतली बाजू त्याच्याच हाताच्या पाठीशी ताडून पाहावी. वय तेच, जनुके तीच. दंडाची कातडी पातळ आणि जराशी सैल, तरी नितळ असते. हाताची पाठ राठ, डागाळलेली, सुरकुतलेली.

अतिनील-बी किरणे बहुतांशी बाह्यत्वचेत अडतात, कातडी भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. अतिनील-ए किरणे (सुमारे ३२० ते ४०० नॅनोमीटर) खाली अंतस्त्वचेपर्यंत जातात. तेथे कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तोडणारी विकरे वाढतात, नवे कोलॅजेन कमी तयार होते आणि त्वचेला लवचीक ठेवणारे इलॅस्टिनचे तंतू बिघडून गोळा होतात. शिवाय ही किरणे साध्या काचेतूनही आत येतात. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे गाडी चालवून खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल घड्या पडल्या होत्या, उजवा गाल त्या मानाने तरुण. भारतात चालक उजवीकडे बसतो, तेव्हा येथे जास्त ऊन उजव्या गालाला. बंद काचेआडच्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्वही जवळजवळ तयार होत नाही, कारण त्याला लागणारी बी किरणे काच अडवते. म्हणजे तोटा पदरात पडतो, फायदा बाहेरच राहतो.

गोऱ्या त्वचेवर सुरकुत्या लवकर येतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही अंशी संरक्षण देते, त्यामुळे भारतीयांत सुरकुत्या उशिरा आणि वांग, काळे डाग, असमान रंग आधी दिसतात. आयुष्यभर शेतात राबलेल्यांच्या मानेवर मागच्या बाजूला चौकटी पडल्यासारख्या खोल रेषा उमटतात. गांधी टोपी माथा झाकते. मान आणि कान उघडेच राहतात.

ऊन एकटे काम करत नाही. तंबाखूच्या धुराने ओठांभोवती सुरकुत्या वाढतात. जर्मनीतील रूर या औद्योगिक पट्ट्यातील वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत वाहनांच्या काजळीचा संबंध कपाळ आणि गालांवरील डागांशी आढळला. चीनमध्ये घन इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावरील घड्या आणि हातांवरील बारीक सुरकुत्या अधिक दिसल्या. अशा पाहण्यांतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. तरी चुलीपुढे वर्षे काढलेल्या बायका ज्या घरात आहेत, तेथे हा निष्कर्ष नवलाचा वाटू नये.

प्रतिबंधाबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१३) रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा साडेचार वर्षांत २४ टक्क्यांनी कमी भरले. ते लोक प्रामुख्याने गोरे होते, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि भर दुपारची सावली यांना खर्च जवळजवळ नाही, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही. वांगाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: सावळ्या त्वचेवर तो दृश्य प्रकाशानेही वाढतो आणि नेहमीचे बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड असलेली, त्वचेच्या रंगाची छटा दिलेली मलमे वापरतात.