टॉवर स्पीकर आहेत, मग सबवूफर कशाला?

मावसभावाने नव्या घराच्या हॉलसाठी टॉवर स्पीकर घेतले. साडेतीन फूट उंच, प्रत्येकात खोल आवाज काढणारे साडेसहा इंची दोन वूफर, आणि माहितीपत्रकावर छापलेलं की आवाज ३८ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ३८ कंपनांपर्यंत, खाली उतरतो. दुकानदार सोबत सबवूफरही, म्हणजे फक्त सगळ्यात खोल आवाजासाठीचा वेगळा स्पीकर, घ्या म्हणून मागे लागला होता. भावाने तिथूनच फोन केला, "दादा, एवढे मोठे स्पीकर असताना आणखी तो डबा कशाला?" मी म्हटलं, "फक्त गाणी ऐकणार असशील तर घेऊ नकोस. सिनेमे बघणार असशील तर घे." एकाच माणसाला अशी दोन उत्तरं का दिली, ते फोनवर धड सांगता आलं नाही. ते इथे सांगतो.

आधी गाणी. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. डग्ग्याचा घुमारा ४० हर्ट्झच्या बराच वर असतो. पाश्चात्त्य वाद्यांकडे वळलं तर चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झची आहे, पण तिच्यावर बोट क्वचितच पडतं. थोडक्यात, ख्याल, नाट्यपद, भावगीत, गझल यांतलं जवळजवळ सगळं ३८ हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या टॉवरमधून मिळतं. त्यासाठी सबवूफरवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिनेमाचं गणित वेगळं आहे, कारण सिनेमातला खोल आवाज वाद्यातून येत नाही, तो मुद्दाम घडवलेला असतो. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या अमेरिकी चित्रपटासाठी थिएटरांमध्ये अजस्र स्पीकर बसवले गेले होते, भूकंपाच्या दृश्यांत फक्त खोल घरघर सोडण्यासाठी. पुढे त्या घरघरीला स्वतःची वाट मिळाली. सिनेमाच्या ध्वनीची ‘५.१’ ही जी पद्धत आहे, तिच्यातला ‘.१’ म्हणजे तीच वाट. पाच पूर्ण चॅनल आणि १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजापुरता एक अर्धामुर्धा चॅनल. या चॅनलला इतरांपेक्षा १० डेसिबल जास्त जोर दिलेला असतो. थिएटरसाठी ठरलेल्या प्रमाणित पातळीवर मुख्य चॅनलचा एखादा क्षण १०५ डेसिबलला पोचत असेल, तर हा ११५ ला पोचू शकतो.

घरात एवढ्या मोठ्याने कुणी सिनेमा लावत नाही. १५ डेसिबल कमी धरू, म्हणजे १००. आता १ मीटरवर २० हर्ट्झचा १०० डेसिबल आवाज काढायचा तर वूफरच्या शंकूंनी, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या भागांनी, किती हवा ढकलायला हवी? हिशेब केला तर एका बाजूला सुमारे ९४० घन सेंटीमीटर येतात, जवळजवळ लिटरभर. भावाच्या दोन टॉवरमधले चारही वूफर मिळून शंकूंचं क्षेत्रफळ साधारण ५४० चौरस सेंटीमीटर. म्हणजे प्रत्येक शंकूला पुढे पावणेदोन आणि मागे पावणेदोन सेंटीमीटर हलावं लागेल. अशा वूफरची धाव बहुधा अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास संपते.

याच आवाजासाठी ४० हर्ट्झला फक्त चौथा हिस्सा हवा लागते. मंद्रात एक सप्तक खाली उतरलं की धाव चौपट होते. म्हणून ४० हर्ट्झला आरामात चालणारा स्पीकर २० हर्ट्झला गुदमरतो. टॉवरच्या पेटीला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट असेल, तर तो ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या आसपास मदत करतो. त्याच्या खाली मात्र पोर्टमधली हवा शंकूच्या उलट चालू लागते आणि आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो.

आपला कानही इथे कंजूष आहे. १००० हर्ट्झचा सूर २-३ डेसिबललाही जाणवतो, तर २० हर्ट्झचा आवाज सुमारे ७८ डेसिबल ओलांडेपर्यंत ऐकूच येत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाचा हा कल १९३३ साली आलेखांत मांडला होता.

मोठ्या शंकूचं क्षेत्रफळ मोठं हा यातला मुख्य मुद्दा नाही, हे लक्षात ठेवा. बारा इंची एका सबवूफरचा शंकू साधारण ५०० चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे त्या चार वूफरांएवढाच. फरक लांब धावेचा, स्वतःच्या ॲम्प्लिफायरचा आणि २० हर्ट्झच्या आसपास जुळवलेल्या पेटीचा आहे. म्हणून आठ इंची स्वस्त सबवूफर, जो ३५ हर्ट्झवरच थांबतो, तो अशा टॉवरच्या जोडीला आणून आवाजाच्या खोलपणात भर फार थोडी पडते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. खोली.

टेप घ्या आणि हॉल मोजा. समजा लांबी १५ फूट भरली. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर या लांबीत ३७ ते ३८ हर्ट्झच्या लाटेचं बरोबर अर्धं वेटोळं मावतं. दोन्ही भिंतींवर आपटून ही लाट जागच्या जागी उभी राहते. भिंतीपाशी दाब सगळ्यात जास्त, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. सोफा बरोबर मध्ये असेल तर स्पीकर कितीही चांगला असो, तो सूर हरवतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवला तर तोच सूर घुमून बाकीचं सगळं झाकून टाकतो. रुंदीचा आणि उंचीचा असाच एकेक सूर असतो. एकाच घरात, एकाच स्पीकरसमोर दोन माणसं बसतात आणि एक म्हणतो खर्जच नाही, दुसरा म्हणतो फार दणदणतंय. दोघंही खरं बोलत असतात.

टॉवर कुठे ठेवायचे हे गाणाऱ्याचा आवाज नेमका मधोमध ऐकू येण्यासाठी ठरतं. टीव्हीच्या दोन बाजूंना, भिंतीपासून थोडे पुढे. मागच्या भिंतीपासून १ मीटर पुढे आणले, की भिंतीवरून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापते. गळ्यासाठी जी जागा चांगली, ती खर्जासाठी बहुतेक वेळा चुकीची असते, आणि टॉवरमध्ये ही दोन्ही कामं एकाच पेटीला बांधलेली असतात. सबवूफर खर्जाला त्या पेटीतून मोकळा करतो. ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटर लांब असते. आपल्या दोन कानांत जेमतेम वीतभर अंतर. एवढ्या लांब लाटेची दिशा कानांना नीट कळत नाही, त्यामुळे डबा सोफ्याशेजारी असला तरी स्फोट पडद्यावरच झाला असं वाटतं. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली दाखवलं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर खोलीभर खर्ज बराच सारखा पसरतो. मला तरी एका महागड्या सबवूफरपेक्षा दोन साधे, पण खोल जाणारे सबवूफर जास्त पटतात.

सबवूफर आणला की बरेच जण एक चूक करतात. सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या रिसीव्हरच्या मेनूत ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ असे दोन पर्याय असतात, आणि साडेतीन फुटी स्पीकरला ‘स्मॉल’ म्हणायला हात धजत नाही. पण त्या शब्दांचा उंचीशी काही संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे ठरावीक वारंवारतेखालचा आवाज सबवूफरकडे वळवा, एवढंच. ८० हर्ट्झवर तोडलं की टॉवरचे वूफर लांब धावेतून सुटतात आणि संवाद, तबला, व्हायोलिन जास्त स्वच्छ येतात. सबवूफर नसेल तर रिसीव्हरला तसं सांगा. मग तो ‘.१’ चा आवाज टॉवरकडे पाठवतो. नाहीतर तो कुणाकडेच जात नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचाही विचार हवा. भिंत बारीक आवाज अडवते, खोल आवाज तिच्यातून आरपार जातो. डब्याखाली रबर घातल्याने फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. रात्री दहानंतर सबवूफरचा आवाज उतरवा.

भावाला मी शेवटी इतकंच सांगितलं: आणखी काही विकत घेण्याआधी एखादा सिनेमा लाव, मग सोफा दीड-दोन फूट पुढे ओढ आणि तोच सिनेमा पुन्हा लाव. तरीही पोटात काही हललं नाही तर कुणाचा तरी सबवूफर दोन दिवस मागून आण. तो सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेव, खोल आवाजाचा एखादा तुकडा सतत चालू ठेव आणि भिंतींच्या कडेकडेने रांगत फिर. जिथे तो आवाज भरीव आणि सुटसुटीत ऐकू येईल, तिथे खडूने खूण कर. डब्याची जागा ती.