उद्याचा पाऊस, कालचं क्रियापद

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर आम्ही चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहत होतो. दहावीतल्या भाचीनं वही पुढे केली. तिनं लिहिलं होतं, 'इफ द फेरी वुड हॅव कम, आय वुड हॅव रीच्ड.' टीचरनी पहिल्या 'वुड'वर काट मारली होती. "पण मावशी, 'फेरी आली असती तर मी पोचले असते' यात दोन्हीकडे 'असती', 'असते' आहेच की!"

तिनं अगदी नेमकं पकडलं होतं. न घडलेल्या गोष्टीची खूण मराठी वाक्याच्या दोन्ही भागांवर सारखीच ठेवते. इंग्रजीत दोन भागांची रूपं वेगळी: 'इफ'कडे 'हॅड कम', परिणामाकडे 'वुड हॅव रीच्ड'. ही चूक मायबोलीच्या चांगल्या सवयीतून येते. मुलांना तसं सांगायला हवं, नुसती लाल काट पुरत नाही.

मग तो 'हॅड' कुठून आला? आपलंच वाक्य घ्या: 'उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.' पाऊस उद्याचा, क्रियापद मात्र 'पडला'. 'पडेल तर' असं आपण सहसा म्हणत नाही. इंग्रजीही इथे 'विल' टाळते आणि 'इफ इट रेन्स' म्हणते. 'आत्ता माझ्याकडे छत्री असती तर' म्हणायचं झालं, की मात्र तीही मागे सरकते: 'इफ आय हॅड ॲन अम्ब्रेला'. गोष्ट आत्ताची, रूप भूतकाळाचं.

भाषावैज्ञानिक साबिन यात्रिदू यांनी २००० साली याचा सुंदर उलगडा मांडला. भूतकाळी रूप मुळात 'हे इथलं-आत्ताचं नव्हे' एवढंच सांगतं. ते अंतर कधी काळाचं असतं, कधी वास्तवापासूनचं. छत्री हातात नाही, म्हणून एक पाऊल मागे: 'हॅड'. फेरी आली नाही आणि ती वेळही टळून गेली, म्हणून दोन पावलं मागे: 'हॅड कम'.

भाचीला मी गोव्याचंच वाक्य दिलं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाची निशाणी होती फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. "आता फूल जिंकलं असतं तर, असं लिही."

फेरी धक्क्याला लागेपर्यंत तिचं लिहून झालं होतं: 'इफ द फ्लावर हॅड वन, गोवा वुड हॅव जॉइन्ड महाराष्ट्र.'