झाखर हॉटेलची वारसाहक्काची गोष्ट

व्हिएन्नाच्या ऑपेरागृहामागील झाखर हॉटेलची ओळख नेहमी 'कुटुंबाच्या मालकीचे हॉटेल' अशी करून दिली जाते. ती खरी असली तरी 1876 पासून आजपर्यंत ते एकाच घराण्याकडे राहिले, असा तिचा अर्थ मात्र नाही.

या नावाची कीर्ती हॉटेलपेक्षा जुनी आहे. 1832 मध्ये ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख याच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करणाऱ्या फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या मुलाने चॉकलेटचा केक तयार केला, असे परंपरेने सांगितले जाते. डेमेल या नामांकित मिठाईघरात काम शिकलेला त्याचा मुलगा एडुआर्ड याने या केकला आजचे रूप दिले आणि पुढे हे हॉटेल काढले. जागा त्याने अचूक हेरली होती. बेथोव्हेनची नववी सिंफनी 1824 मध्ये जिथे प्रथम सादर झाली, ते जुने नाट्यगृह पाडून मोकळ्या झालेल्या भूखंडावर, 1869 मध्ये सुरू झालेल्या नव्या ऑपेराच्या अगदी लगत हॉटेल उभे राहिले.

1892 मध्ये एडुआर्ड वारला आणि कारभार त्याची पत्नी आना हिच्या हाती आला. खाटिकाची मुलगी असलेली, सिगार ओढणारी आणि फ्रेंच बुलडॉग पाळणारी ही बाई उमरावांच्या व मुत्सद्द्यांच्या या अड्ड्याची खरी मालकीण ठरली. हॉटेलचा दबदबा संस्थापकापेक्षा तिनेच वाढवला, असे म्हणायला हरकत नाही. परंतु 1918 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि तिच्या गिऱ्हाइकांचा तो वर्गच निर्धन झाला. आना 1930 मध्ये निवर्तली आणि 1934 मध्ये हॉटेलचे दिवाळे निघाले.

येथून वारसा दोन वाटांनी गेला. हॉटेल ग्युर्टलर कुटुंबाकडे आले, तर आनाचा मुलगा, ज्याचे नावही एडुआर्डच होते, डेमेलमध्ये नोकरीला लागला आणि आपल्यासोबत केकचा हक्कही घेऊन गेला. नव्या मालकांनीही 'मूळ' झाखर केक विकायला सुरुवात केल्यावर जो वाद पेटला, तो महायुद्धानंतर न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. जर्दाळूच्या मुरंब्याचा थर केकच्या मधोमध असावा की केवळ वरच्या चॉकलेटखाली, यावरही वकिलांनी गांभीर्याने युक्तिवाद केले! अखेर 1963 मध्ये तडजोड झाली. 'मूळ' हे विशेषण हॉटेलकडे राहिले आणि डेमेलचा केक 'एडुआर्ड झाखर' या नावाने विकला जाऊ लागला.